मोबाईलमध्ये झालंय

आमच्या सोसायटीची नवी इमारत ४१ टक्के पूर्ण झाली आहे. जमिनीच्या वर मात्र ती अजून आलेली नाही.

यात काही खटकत असेल तर तुम्ही बिल्डरचं ॲप पाहिलेलं नाही. कोथरूडमधली आमची जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडली, आम्ही सगळे सभासद भाड्याच्या घरांत पांगलो आणि जाता जाता प्रत्येकाच्या मोबाईलवर एक ॲप बसवून देण्यात आलं. त्यात एक हिरवं वर्तुळ आहे, ते हळूहळू भरत जातं. नकाशे मंजूर झाले, इतके टक्के. जुनं पाडलं, इतके. खोदाई, सळईची ऑर्डर, लिफ्टवाल्यांशी बोलणी, टाइल्सचा रंग ठरला, सगळ्याला टक्के. ज्या ज्या कागदावर कोणी म्हणून सही केली, त्या प्रत्येकाला टक्के आहेत. असे थेंबे थेंबे ४१ साचले. खाली खड्ड्यातही साचलं होतं, पण ते पावसाचं पाणी. त्याला टक्के नाहीत.

खड्ड्याच्या काठावर उभं राहून मी मुकादमाला ते वर्तुळ दाखवलं. माणूस गेवराईकडचा, निम्मं आयुष्य पुण्यातल्या साइटवर गेलेलं. त्याने आधी मोबाईल पाहिला, मग खड्डा पाहिला, पुन्हा मोबाईल पाहिला आणि म्हणाला, ‘‘बरुबर हाय की काका. मोबाईलमधी झालंय. हितं राह्यलंय जरा.’’

बांधकाम व्यवसायातलं डिजिटल परिवर्तन म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात मला कुठल्याही तज्ज्ञाने सांगितलेलं नाही. हल्ली प्रत्येक इमारत दोनदा बांधतात. एकदा पडद्यावर आणि एकदा जागेवर. पडद्यावरची वेळेत होते.

शिवाय ती सुंदर असते. बिल्डरच्या ऑफिसात आम्हाला ती डोळ्यांना चष्मा लावून दाखवली. चष्मा म्हणजे घोड्याला लावतात तसल्या झापडांचा श्रीमंत प्रकार. तो घातला की आपण आपल्या न झालेल्या घरात चालू लागतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा नंबर पहिला. काकू हॉलमधून ऐटीत स्वयंपाकघरात शिरल्या आणि थबकल्या. ‘‘हे काय, कुकर कुठे ठेवायचा? आणि ही हिरवी सफरचंदं कुणी आणली?’’

पडद्यावरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात हिरव्या सफरचंदांचा एक वाडगा असतोच. फोडणीचा वास लागलेला, चिकट झालेला डबा नसतो. गॅलरीत दोरी नसते, दोरीवर परकर नसतो. खिडकीला डासांची जाळी नसते. खाली बागेत सडपातळ गोरी बाई कुत्रा घेऊन फिरत असते. ती कोणाच्या कोट्यातून सभासद झाली हे सेक्रेटरींनाही माहीत नाही. काकूंनी ओट्याची उंची बघायला म्हणून हात टेकवला. ओटा संगणकात होता, काकू ऑफिसात होत्या. त्या सरळ तिथल्या रिसेप्शनच्या मुलीच्या अंगावर गेल्या. चष्मा काढून, पदर सारखा करून त्यांनी विचारलं, ‘‘देवघर पूर्वेला येतंय ना पण?’’ मुलगी म्हणाली, ‘‘मॅम, मॉडेलमध्ये आपण सूर्य फिरवू शकतो.’’

आता गंमत अशी की जगभर या धंद्याची ख्याती याच्या नेमकी उलट आहे. मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये अमेरिकेतल्या उद्योगांची डिजिटल प्रगतीनुसार एक क्रमवारी लावली. त्यात बांधकाम खालून दुसरं आलं. खालून पहिलं काय होतं? शेती आणि शिकार. म्हणजे खांद्यावर बंदूक टाकून रानात हिंडणारा माणूस आणि आपला सेंट्रिंगवाला यांच्यात अगदी थोडं अंतर आहे, तेही सेंट्रिंगवाल्याच्या बाजूने. हा कलंक पुसायचा असं तेव्हापासून सगळ्यांनी मनावर घेतलं असावं. कारण हल्ली साइटवर वाळूची गाडी येण्याआधी कॅमेरा येतो.

आमच्याही साइटवर आला. खांबावर बसवलेला, चारी दिशांना मान वळवणारा, ॲपमधून चोवीस तास बघता येणारा. ‘पारदर्शकता’ हा शब्द त्या दिवशीच्या भाषणात इतक्या वेळा आला की पाण्याच्या बाटल्याही लाजल्या असतील. सुरुवातीला आम्ही सगळेच बघायचो. दिसायचं काय, तर एक कुत्रा वाळूच्या ढिगावर झोपलाय. दुपारी तो ढिगाच्या दुसऱ्या बाजूला झोपलाय. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या तब्येतीची चौकशी सुरू झाली.

खरा वापर सुरू केला तो चेअरमनसाहेबांच्या मुलाने. तो कॅलिफोर्नियात असतो. तिथे रात्री साडेदहाला अंथरुणावर पडल्या पडल्या तो वडिलोपार्जित फ्लॅटवर नजर टाकतो, तेव्हा आपल्याकडे सकाळचे अकरा वाजलेले असतात. अकरा ही साइटवरच्या चहाची वेळ. त्याने एकदा बघितलं की कॉलमच्या सळयांपाशी चार माणसं नुसती बसली आहेत. त्याने वडिलांना फोन केला. वडिलांनी सेक्रेटरींना केला. सेक्रेटरींनी बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलीला केला. तिने ‘तक्रार नोंदवली आहे’ असं सांगून एक नंबर दिला आणि प्रोजेक्ट मॅनेजरला मेल केली. मॅनेजरने साइट इंजिनिअरला फोन केला. तो पोरगा खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाला होता, त्याने तिथूनच हाक मारली, ‘‘ओ मुकादम, ती चार माणसं काय करतायत?’’

‘‘च्या पितायत.’’

हे उत्तर त्याच मार्गाने उलट निघालं. साइट इंजिनिअर, मॅनेजर, मुलगी, सेक्रेटरी, चेअरमन, प्रशांत महासागर. तिथे पोहोचलं तेव्हा चहा संपून माणसं सळ्या बांधायला लागली होती आणि कॅलिफोर्नियातला मुलगा झोपला होता. सकाळी उठून त्याने वडिलांना लिहिलं, ‘‘बघितलंत? एका फोनने काम सुरू झालं.’’

कॅमेऱ्याचं एक बरं आहे, तो निदान गप्प बसतो. नकाशांचं तसं नाही. पूर्वी आर्किटेक्टकडून निळसर कागदाची भेंडोळी यायची आणि चूक झाली तर ती कोणाची हे कागदावरच्या चहाच्या डागावरून सांगता यायचं. आता इमारतीचं त्रिमितीय मॉडेल असतं. त्यात प्रत्येक तुळई, खांब, नळ, वायर जागच्या जागी असते, आणि ड्रेनेजचा पाइप तुळईतून आरपार जात असेल तर सॉफ्टवेअर तिथे लाल ठिपका देतं. हे काम खरोखर मोलाचं आहे, थट्टा नाही. नागपूर मेट्रोने तर ‘पाच मिती’ म्हणून गाजलेली पद्धत वापरली. लांबी, रुंदी, उंची या तीन, चौथी वेळ आणि पाचवी पैसा. मेट्रोला ते साधलं असेल. आमच्यासारख्या सोसायटीच्या कामात पहिल्या तीन मिती करारात ठरतात आणि पुढच्या दोन कराराबाहेर वाढतात.

तर आमच्या मॉडेलमध्येही लाल ठिपके आले. आर्किटेक्टने ते बघून नकाशा सुधारला आणि ‘आर-१’ म्हणून ढगात टाकला. ते बघून आरसीसीवाल्यांनी तुळई हलवली, ‘आर-२’. त्यामुळे लिफ्टचा खड्डा सरकला, ‘आर-३’. मग वास्तुशास्त्रवाले आले. हे सगळं ढगात चालू असताना खाली फिटर ज्या कागदावरून रिंगा वाकवत होता, तो प्लायवूडला चार खिळ्यांनी ठोकलेला होता आणि त्याच्या कोपऱ्यात ‘आर-०’ असं छापलं होतं. मी त्याला विचारलं, ‘‘नवीन नकाशा आलाय ना मोबाईलवर?’’ तो मूळचा झारखंडचा, पण मराठी ऐकून ऐकून पक्का झालेला. म्हणाला, ‘‘आला ना. पण हातात सळई, मोबाईल कशात धरू?’’ आणि खरंच, सात इंची पडद्यावर अख्ख्या मजल्याचा नकाशा उघडून, सिमेंटच्या बोटांनी मोठा करून, उन्हात डोळे बारीक करून ‘१६ एमएम’ आहे की ‘१० एमएम’ हे वाचून दाखवणारा कोणी असेल तर त्याने पुढे यावं. अशा वेळी जो पाइप तुळईला नडतो, त्याचं पुढे काय होतं? प्लंबर येतो. त्याच्याकडे काँक्रीटला गोल भोक पाडायचं यंत्र असतं. पडद्यावरचा लाल ठिपका तो आपल्या पद्धतीने मिटवतो. म्हणूनच साइट इंजिनिअरचं निम्मं आयुष्य प्लंबरला अडवण्यात जातं.

स्लॅबच्या दिवसाची गोष्ट मात्र निराळी. इमारत जमिनीवर आलेली नाही असं मी म्हणालो खरा, पण तळघराचा पहिला स्लॅब पडला, आणि तो बघायला मी मुद्दाम गेलो. पूर्वी स्लॅब म्हणजे बायकांची रांग, डोक्यावर घमेली, मिक्सरची घरघर आणि संध्याकाळी सगळ्यांना जेवण. आता तयार काँक्रीटची गाडी येते, पोट गोल फिरवत. त्या गाडीला जीपीएस असतं आणि ती कुठे आहे ते ॲपवर दिसतं. तशी सोय हवीच, कारण काँक्रीट ही वाट बघणारी वस्तू नाही. भारतीय मानकाप्रमाणे गाडीत माल भरल्यापासून साधारण २ तासांत तो ओतून व्हायला हवा. आमची चौथी गाडी नवले पुलापाशी अडकली. साइटवरचे झाडून सगळे लोक, मी धरून, एका मोबाईलभोवती गोळा झालो. पडद्यावर छोटीशी गाडी एका जागी उभी. पाच मिनिटांनीही तिथेच. दहा मिनिटांनी ती चक्क मागे सरकली. ‘‘सॅटेलाइटची चूक,’’ असं साइट इंजिनिअर म्हणाला. मुकादम म्हणाला, ‘‘न्हाई. रिव्हर्स घेतला असंल. ड्रायव्हर ओळखीचा हाय.’’ उपग्रहाच्या कृपेने आम्हाला गाडी नेमकी कुठे अडकली हे मीटरच्या हिशेबात कळलं. सोडवायला उपग्रह खाली येत नाही.

गाडी आली तेव्हा इंजिनिअरने ३० सेंटिमीटर उंचीच्या पत्र्याच्या शंकूत काँक्रीट भरलं, दांड्याने ठासलं, शंकू अलगद उचलला आणि ढीग किती खचला ते पट्टीने मोजलं. त्याला स्लंप म्हणतात. मग १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरले. ते पाण्यात ठेवून ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडतात. आता काँक्रीटच्या पोटात ठेवायचे सेन्सरही निघालेत. ते आतली उष्णता मोजून ताकदीचा अंदाज मोबाईलवर पाठवतात. स्लॅबच्या पोटात काय चाललंय ते घरबसल्या कळतं. ही सोय माणसांच्या बाबतीत झाली तर सोसायटीच्या सभा लवकर संपतील. पण सेन्सर असो की नसो, काँक्रीट आपल्या गतीनेच घट्ट होतं. आमच्या सेक्रेटरींनी बिल्डरला ‘‘अठ्ठावीस दिवसांचं काही कमी-जास्त होईल का?’’ असं विचारून पाहिलं. पुण्यात घासाघीस करून मिळणार नाहीत अशा फार थोड्या गोष्टी उरल्या आहेत, त्यातली ही एक.

हजेरीचं यंत्र हा सगळ्यात केविलवाणा प्रकार. आधी अंगठ्याचं बसवलं. आता गवंड्याचा अंगठा तुम्ही जवळून पाहा. रोज ओल्या सिमेंटमध्ये हात घालून त्यावरच्या रेघा घासून गुळगुळीत झालेल्या असतात. यंत्र म्हणे, ‘पुन्हा प्रयत्न करा.’ तो पुन्हा करी. यंत्र पुन्हा तेच म्हणे. म्हणून चेहरा ओळखणारं यंत्र आणलं. सकाळी ते सगळ्यांना ओळखायचं. संध्याकाळी जाताना तीच माणसं सिमेंटने पांढरी झालेली असायची, तेव्हा यंत्राला सगळे सारखेच दिसायचे. मग आधी तोंड धुवायची रांग आणि नंतर तोंड दाखवायची रांग. पाण्याचा टँकर एक आहे. मुकादमाने ही अडचण वर कळवली, तर वरून ‘चेहरा स्वच्छ ठेवण्याबाबत’ मराठी, हिंदी आणि इंग्रजीत फलक आला. त्या पलीकडे बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नोंदणी ऑनलाइन. ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नंबर गावी बायकोकडे. बायको शेतात. शेतात रेंज नाही. मला इथे हसू येत नाही, पण त्या माणसाने मला हे हसत हसत सांगितलं.

फोटोंची हौस तर सरकारलाही आहे. गावाकडे घरकुलाचा हप्ता हवा तर जोत्यापर्यंत, मग छतापर्यंत, असे जागेची आणि वेळेची नोंद असलेले फोटो चढवावे लागतात. लाभार्थी अर्ध्या भिंतीपुढे ताठ उभा. हे एका परीने चांगलंच आहे, पूर्वी कागदावर पूर्ण झालेली घरकुलं शोधूनही सापडत नसत. रोजगार हमीच्या हजेरीसाठी २०२३ पासून दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो सक्तीचा झाला. लोकांनी त्यावरही तोड काढली. २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाला परिपत्रक काढून सांगावं लागलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो, एवढंच काय, फोटोचे काढलेले फोटो चढवले जात आहेत. म्हणजे तंत्रज्ञान खेड्यापाड्यांत पोहोचलं नाही, असं आता कोणाला म्हणता येणार नाही.

एवढं सगळं बघून माझं एक मत झालंय. जे यंत्र लांब बसलेल्याला नुसतं बघू देतं, ते साइटवर कोणालाच आवडत नाही, आणि त्याला बनवायला लोक अर्ध्या दिवसात शिकतात. जे यंत्र हातातलं काम हलकं करतं, त्याला शिकवणी लागत नाही. मुकादमाकडे लेझरची लेव्हल आहे. मला वाटलं, हा जुना माणूस, ओळंब्याचं कौतुक सांगेल. कसलं काय! पाणी भरलेल्या नळीने लेव्हल काढायची तर नळीच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस लागायचा. तो माणूस नेमका त्याच वेळी लघवीला जायचा, असा मुकादमाचा अनुभव आहे. लेझर आल्यापासून एकट्याचं काम. ओळंबा त्याने ठेवलाय, बॅटरी उतरली तर असावा म्हणून. तुळईच्या सळयांबद्दल शंका आली की तो आरसीसीवाल्या सरांना व्हिडिओ कॉल लावतो, मोबाईल सळयांवरून फिरवतो, आणि जे सर पूर्वी आठ दिवसांनी यायचे ते तिथल्या तिथे, कुठल्या तरी लग्नाच्या पंगतीत बसून, ‘‘दोन सळ्या वाढवा’’ म्हणतात. मजुरांचे पैसे फोनवरून जातात. टाइल बसवणारा पोरगा नवा पॅटर्न यूट्यूबवर बघतो. आणि लिहिण्याची कटकट नको म्हणून मुकादम सगळे हुकूम आवाजात पाठवतो. एका वेळी चार साइट तो असा बोलून चालवतो. यातलं एकही बिल्डरच्या ॲपमध्ये नाही.

सरकारी यंत्रणेतलं मला मनापासून पटलेलं एकच, ते म्हणजे महारेराचा चौकोन. महारेराचं काम १ मे २०१७ पासून सुरू झालं, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक झालं. भिंतीएवढ्या होर्डिंगवर तलाव, मोर, सूर्योदय आणि अभिनेत्री असते, आणि कुठेतरी तो काळा-पांढरा चौकोन. तो मोबाईलने टिपला की मोर वगैरे नाहीसे होतात आणि प्रकल्पाची नोंदणी उघडते, त्यात पूर्ण करण्याची तारीखही असते. काकूंना हे नातवाने शिकवलं. तेव्हापासून काकू कर्वे रोडने जाताना प्रत्येक होर्डिंगपुढे रिक्षा थांबवतात. त्यांना घर घ्यायचं नाहीये. ‘‘कोण किती लेट आहे ते बघत्ये,’’ म्हणतात.

मध्यंतरी साइट इंजिनिअरच्या हातून एक घोटाळा झाला. मुकादमाला कामगारांच्या ग्रुपमध्ये घालायच्या ऐवजी त्याने आम्हा सभासदांच्या ग्रुपमध्ये घातलं. दोन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, ओट्याची उंची किती धरली आहे? ॲपमध्ये हाच प्रश्न विचारून त्यांना ‘आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ असं उत्तर आलं होतं. इथे अर्ध्या मिनिटात आवाज आला, ‘‘काकू, बत्तीस इंच धरलीया नकाशात. पर तुमी बुटक्या हायसा, तीस करतो. स्लॅब होऊन भितीला येऊ द्या, मग याद करा.’’

त्याला काढायचा प्रश्नच उरला नाही. आता सगळे त्यालाच विचारतात. आज किती गाड्या आल्या, पाणी कधी उपसणार, कुत्रा कसा आहे. तो कॉलमशेजारी चपलांसकट उभा राहून फोटो टाकतो, त्यावरून कॉलम केवढा ते कळतं. कॅलिफोर्नियातल्या मुलाने परवा थेट त्यालाच लिहिलं, ‘‘मॉर्निंग मुकादम, चार जण बसलेले दिसतायत.’’ उत्तर आलं, ‘‘च्या. तुमी झोपा.’’

फक्त आता सोसायटीतल्या पार्किंगच्या वादातही दोन्ही पक्ष त्याचं मत मागू लागले आहेत. कोपऱ्यातली मोठी जागा कोणाची, यावरून जुन्या इमारतीतच तीन जणांनी एकमेकांशी बोलणं सोडलं होतं. त्यात पडू नकोस, तुला हे लोक माहीत नाहीत, असं मी त्याला खासगीत कळवलं. त्याचंही उत्तर लगेच आलं. आवाजातच, चांगलं लांबलचक, आणि मागे मिक्सर चालू. त्यातून मला एवढंच ऐकू आलं, की मागच्या साइटवर पार्किंगची वाटणी त्यानेच करून दिली होती, आणि आमची मीटिंग रविवारी किती वाजता आहे.